जुन्या मिलचे नि वखारीचे फोटो सपाट येतात, खिडक्या पांढऱ्या फटक होतात: परत परत तेच का होतं

लोक मला फोटोबद्दल जे काय विचारतात त्यात हे तीन प्रश्न ठरलेले असतात. एक, "दादा, पहाटे उठून निपाणीला गेलो, ऊन एकदम सोनेरी होतं, तरी वखारीची भिंत पुठ्ठ्यासारखी सपाट आली." दुसरा, "आत उभं राहून काढला तर खिडकी पांढरी फटक आणि बाकी सगळं काळंकुट्ट." तिसरा, "कौलातनं उन्हाच्या तिरिपी उतरलेल्या डोळ्यानं बघितल्या की ओ, फोटोत एक पण नाही." आणि हे सांगून झालं की पुढचं वाक्य असतं, कुठली लेन्स घेऊ. लेन्स घेऊ नका. तिन्ही प्रॉब्लेम एकाच ठिकाणी अडकलेत, इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे न बघता आपण जायची वेळ ठरवतो आणि मग ऊन जसं मिळेल तसं घेऊन येतो.

मी स्वतः यात तीन हिवाळे घालवलेत. निपाणीत एक जुनी तंबाखूची वखार आहे, काळ्या दगडाचा पाया, वर चुन्याचा गिलावा, आणि दाराच्या वर गिलाव्यातच उठवलेली अक्षरं, 'श्री', त्याखाली पेढीचं नाव आणि साल. पावसानं झिजून ती अक्षरं आता करंगळीच्या नखाएवढीच भिंतीच्या बाहेर आलेली आहेत. मला ती वाचता येतील असा फोटो पाहिजे होता. बेळगावहून पहाटेची पहिली बस धरून साडेसातपर्यंत तिथं पोचायचो, ऊन भिंतीवर पडलेलं असायचं, रंग तर काय सांगायचा, पिकल्या आंब्यासारखा, आणि घरी येऊन बघितलं की अक्षरं गायब. पहिल्या वर्षी वाटलं फोकस चुकला, दुसऱ्या वर्षी एका मित्राची भारी लेन्स मागून नेली, तिसऱ्या वर्षी ट्रायपॉड, केबल, सगळं. फोटो धारदार आला, अक्षरं तशीच पुसट.

चूक कळली ती घरात, जेवायला बसल्यावर. भाकरी हातात घेऊन खिडकीकडं तोंड करून बसलेलो, उजेड भाकरीला बाजूनं लागत होता तर भाकरीवर आईच्या बोटांचे ठसे एकेक मोजता येत होते. तीच भाकरी खिडकीसमोर सरळ धरली, उजेड एकदम समोरून, तर ठसे नाहीसे. तुम्ही पण करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि हे एकदा हातानं करून बघितल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

वखारीची ती भिंत पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी साडेसातला सूर्य तिच्या जवळपास समोर. सावली पडत नाही असं नाही, पडते, पण अक्षराच्या मागं सरळ भिंतीत जाते, दिसणार कुठनं? म्हणजे ज्या वेळेला सगळे 'गोल्डन अवर' म्हणून पळतात ती पूर्वेच्या भिंतीसाठी सगळ्यात वाईट वेळ आहे, रंग मिळतो पण भिंतीचं अंग मिळत नाही. चेहऱ्यांना, शेताला, डोंगराला तो सल्ला ठीक, पण जुन्या कारखान्यात आपल्याला दगडावरचे टाकीचे घाव, विटेचे सांधे, गिलाव्याचे पोपडे, गंजलेल्या पत्र्याच्या पन्हाळी दाखवायच्या असतात आणि त्यासाठी ऊन भिंतीला चाटून गेलं पाहिजे. भिंतीशी साधारण १० ते २० अंशाच्या तिरक्या कोनात. त्याहून जास्त समोरून आलं की खोली संपली.

आता हा चाटून जाणारा उजेड कधी मिळतो ते आपल्या भागात चक्क मोजून सांगता येतं. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, निपाणी, संकेश्वर, गोकाक, खानापूर सगळं त्याच्याच आगंमागं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, बेळगाव ७४.५ वर, दर अंशाला ४ मिनिटं धरली तर ८ अंशाची ३२ मिनिटं होतात, म्हणून आपल्याकडं खरी माध्यान्ह १२ ला होत नाही, १२:३२ च्या जवळपास होते. ती पण वर्षभर जरा मागंपुढं सरकते, नोव्हेंबरच्या सुरवातीला १२:१५ च्या सुमाराला, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४५ च्या. बरोबर पूर्वेला तोंड असलेल्या भिंतीवर ऊन या माध्यान्हेपर्यंतच असतं, नंतर ती सावलीत जाते. आणि त्याच्या आधीचा जो एक तास आहे तो सोन्याचा, कारण तेव्हा ऊन १४-१५ अंशापासून कमी कमी होत शून्यावर येतं. भर दुपारी फोटो काढू नये म्हणणाऱ्यांनी त्या तासात एकदा पूर्वेची भिंत बघावी. पश्चिमेच्या भिंतीला उलटं, माध्यान्हेनंतरचा पहिला तास.

दक्षिणेची भिंत आणि उत्तरेची भिंत यांचं गणित वेगळं आहे आणि इथंच बहुतेकांच्या फेऱ्या फुकट जातात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि १० ऑगस्टच्या सुमाराला परत डोक्यावर येऊन दक्षिणेला जातो. या मधल्या तीन महिन्यांत तो दिवसभर उत्तरेकडंच असतो, म्हणजे दक्षिणेच्या सरळ उभ्या भिंतीला सकाळ, दुपार, संध्याकाळ, एक मिनिट पण थेट ऊन लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेली पोरं नेमकी दक्षिणेच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहतात आणि म्हणतात काँट्रास्टच नाही. असणार कसा? तीच भिंत डिसेंबरात घ्या. तेव्हा सूर्य पूर्वेच्या २४ अंश दक्षिणेला उगवतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर उगवल्या उगवल्याच ऊन तिरकं चाटत जातं, रंग पण सोनेरी आणि खोली पण आहे, हिवाळ्यात असं दोन्ही एकत्र मिळायची ही एकच जागा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठायचं असेल तर दक्षिणेच्या भिंतीसाठी उठा.

उत्तरेच्या भिंतीला सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या २०-२१ पर्यंत ऊन नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडं पाऊस, खानापूर बाजूला तर विचारूच नका. म्हणजे वर्षात उरले एप्रिल नि मे. एप्रिलच्या मध्यात उत्तरेच्या भिंतीवर सकाळी साधारण नऊपर्यंत ऊन असतं, आणि ते चाटूनच येतं, मग जातं, परत संध्याकाळी येतं. एवढीच संधी. मी खानापूरच्या एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याची उत्तरेची भिंत तीन वेळा जानेवारीत काढायला गेलो होतो, प्रत्येक वेळी ढग होते म्हणून नशिबाला बोल लावला, आणि ढग नसते तरी तिथं ऊन येणारच नव्हतं हे नंतर कळलं.

दिशा बघायची म्हणजे मोबाईलचा कंपास उघडायचा, पण एक अडचण आहे. जुन्या कारखान्यात लोखंड फार असतं, गर्डर, पत्रे, शाफ्ट, त्याच्याजवळ उभं राहिलं की कंपास २०-३० अंश खोटं सांगतो, मला एकदा तर त्यानं चक्क उत्तरेला पूर्व दाखवली. इमारतीपासून चांगलं लांब जाऊन बघा, किंवा त्याहून सोपं, घरीच सॅटेलाईट नकाशा उघडा, त्यात वर उत्तर असते, छपराची रेष कशी पडलीय बघून घ्या. भिंती बरोबर दिशेला बांधलेल्या क्वचितच सापडतात. पूर्वेची भिंत जरा आग्नेयेकडं वळलेली असेल तर तिचा चाटून जाणारा तास दुपारी पुढं सरकतो, ईशान्येकडं वळलेली असेल तर आधी येतो. एवढं लक्षात ठेवलं तर ॲप नसलं तरी चालतं.

आता आतल्या फोटोचं. खिडकी पांढरी फटक होते कारण फरकच तेवढा असतो. बाहेर कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ ८ वर साधारण १/४०० सेकंद लागतो, आणि वखारीच्या आत त्याच सेटिंगला १ सेकंद लागला तर हा ४०० पट फरक झाला, साडेआठ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आतल्या कोपऱ्यातला अंधार त्याच्या पण खाली तीन-चार स्टॉप. चांगल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल १२-१३ स्टॉप ओढत असेल, जेपेगमधे तेवढं उरत नाही. म्हणून लोक ब्रॅकेटिंग करतात, तीन-पाच फोटो घेऊन जोडतात. करा, ट्रायपॉड असेल तर दोन दोन स्टॉपच्या फरकानं पाच घ्या, पण मला ते जोडलेले फोटो मनापासून आवडत नाहीत, सगळीकडं सारखाच उजेड होतो आणि जिथं अंधारच खरा होता तिथलं सामान उगीच उजळून निघतं. तंबाखूच्या वखारीत अंधार हा त्या जागेचा भाग आहे, खिडक्या लहान ठेवलेल्या असतात. तो अंधार काढून टाकला तर वखार कसली राहिली?

त्यापेक्षा खिडकी फ्रेमच्या बाहेर काढा आणि तिचा उजेड आत ठेवा. खांबाच्या आड खिडकी लपवायची, तिचं ऊन जमिनीवर किंवा समोरच्या भिंतीवर कुठं पडतंय ते बघायचं आणि त्याचा फोटो घ्यायचा. जमिनीवर उन्हाचा तुकडा पडला की तोच दुसरा दिवा होतो, त्याचा परतीचा उजेड खांबांना खालून लागतो. फरशी चुन्याची, पांढुरकी असेल तर हे फार छान होतं, शेणानं सारवलेली किंवा काळी असेल तर कमी. आणि खिडकी फ्रेममधे पाहिजेच असेल तर सूर्य त्या बाजूला नसताना या. पूर्वेची खिडकी दुपारी तीनला बघा, बाहेरचं अंगण सावलीत असतं, फरक निम्म्यावर येतो, गज, त्यातली जाळी, बाहेरचं बाभळीचं झाड, सगळं एका फोटोत मावतं. एक्स्पोजर उजेडाच्या बाजूनं ठरवायचं, खिडकीतल्या उजळ भागाला जपायचं, अंधार नंतर थोडा वर आणता येतो, पण पांढरं झालेलं परत येत नाही.

मोबाईलवाल्यांनी एवढंच करा, ऑटो एचडीआर बंद करता येत असेल तर करा, नसेल तर उजळ भागावर बोट दाबून धरा, लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोन स्वतःच्या अकलेनं सावल्या उचलतो, आणि सावलीसाठीच तर आपण आलोय.

एक वेगळा प्रकार आहे, जिथं लोकांना सावली मिळत नाही आणि ते चूक शोधत बसतात, पण तिथं चूकच नसते. करवतीच्या दातासारखं छप्पर असलेले मागाचे शेड. त्यातली काच मुद्दाम उत्तरेला ठेवलेली असते, थेट ऊन मागावर पडू नये, सूत नीट दिसावं, गरम होऊ नये म्हणून. म्हणजे ती इमारत सावली पडू नये म्हणूनच बांधलीय, तिथं हिवाळ्यात जाऊन उन्हाचे पट्टे शोधायचे म्हणजे सुताराकडं जाऊन सोनं मागायचं. त्या मऊ उजेडात काम करणारे हात, धोटा, सुताच्या लडी काढा, तिथं तोच उजेड राजा आहे. हे छप्पर आलंय इंग्लंडहून, मँचेस्टरकडचा अक्षांश ५३ च्या पुढं, तिथं उत्तरेच्या काचेवर ऊन फक्त उन्हाळ्यात अगदी सकाळी नि संध्याकाळी येतं. आपल्याकडं मात्र मे ते जुलै सूर्यच उत्तरेला असतो, त्यामुळं दुपारी पण काचेतून उन्हाची बारीक पट्टी काचेच्या बुडाशी आत उतरते. मे महिन्यात आकाश स्वच्छ असेल तर हे जरूर बघून या, वर्षात दुसऱ्या वेळी मिळत नाही.

आता तिरिपी. डोळ्याला दिसते ती तिरीप म्हणजे हवेतली धूळ, ऊन नुसतं दिसत नाही. आणि धूळ उजेड पुढच्या दिशेला जास्त फेकते, मागं कमी. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलं तर तिरीप पुसट होते, आणि उजेडाकडं तोंड करून, जरा बाजूला होऊन, छपरातलं भोक एखाद्या वाशाच्या किंवा खांबाच्या आड लपवून उभं राहिलं तर तीच तिरीप दांड्यासारखी उभी राहते. मागं काळोख पाहिजे, पांढरी भिंत असेल तर काय दिसायचं नाही. बहुतेकांचा प्रॉब्लेम फक्त उभं राहायच्या जागेचा असतो, चार पावलं सरकलं की सुटतो. धूळ मुद्दाम उडवू नका, तंबाखूच्या वखारीत तर अजिबात नको, ती भुकटी नाकातोंडात गेली की अर्धा तास शिंका थांबत नाहीत, आणि तिथं काम करणाऱ्या अक्का रोज ती सोसतात. झाडलोट व्हायची वेळ विचारून घ्या, झाडून झालं की पाच मिनिटांनी जाड धूळ खाली बसते नि बारीक तेवढी हवेत राहते, तेव्हा घ्या.

कवडशांची एक गंमत मला लई आवडते. कौलं सरकून जी भोकं पडतात ती तिकोनी, चिरलेली, कशीपण असतात, पण जमिनीवर पडणारा कवडसा गोल. ती भोकाची आकृती नव्हेच, ते सूर्याचं चित्र आहे, लहान भोक पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करतं. त्याचा व्यास अंतराच्या साधारण १०७ व्या भागाएवढा, म्हणजे छप्पर ६ मीटर उंच असेल तर साडेपाच सेंटीमीटर, सूर्य तिरका असेल तर लांबोळका. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी ग्रहण होतं तेव्हा मी वखारीतच होतो, जमिनीवरचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले. याच कारणानं छपराच्या कैच्यांची (छप्पर तोलणाऱ्या तिकोनी सांगाड्यांची) सावली जमिनीवर कधी धारदार पडत नाही, ६ मीटरवरनं आली की कडेला पाच-सहा सेंटीमीटरचा मऊ पट्टा असणारच, आणि खिडकीच्या गजाची सावली हातभर अंतरावर पडते म्हणून ती सुरीसारखी. कैच्यांची सावली ब्लर आली म्हणून फोकसला दोष देणारे बरेच भेटतात. तो दोष नाही.

मीटरिंगचं, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्याचं, थोडक्यात. कॅमेरा समोर जे असेल ते मधला करडा धरतो. जांभ्या दगडाची भिंत फ्रेमभर घेतली, त्यात पावसानं भिजलेली असेल तर, तो ती उजळवून मातकट करतो, पाऊण-एक स्टॉप खाली या. चुन्याच्या भिंतीला उलटं, वर जा. धुराडं वाकडं येतं हा प्रश्न उजेडाचा नाही, कॅमेरा वर न झुकवता सरळ धरा आणि लांब जा.

उठावाच्या कामासाठी सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे मंगळुरी कौलाच्या पाठीवरचं नाव. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनच्या जुन्या कौलांवर कारखान्याचं नाव नि १८६५ असं उठवलेलं असतं, आणि लोक फोटो टाकून लिहितात की हे कौल १८६५ चं. ते कारखाना मंगळुरात सुरू झाला ते साल आहे, कौल नंतरचं असू शकतं. खाली उतरवून ठेवलेलं एखादं कौल मिळालं तर ते उन्हात धरून हळू फिरवा, एका कोनात अक्षरं एकदम वर येतात, अगदी बोटानं चाचपल्यासारखी. तो कोन डोळ्यात बसला की भिंतीचा पण बसतो.

परवानगीबद्दल, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. बंद दिसलेली जागा बंद असतेच असं नाही, गोकाकला धबधब्याच्या पाण्यावर चालवायला म्हणून १८८० च्या दशकात उभी केलेली गिरणी बघितली तर कळतं कामाची जागा कशाला म्हणतात, तिथं झुलत्या पुलाच्या बाजूनं बाहेरून जे दिसतं त्यातच आठ दिवस जातील. एका ठिकाणी वॉचमन अण्णा मला चार वेळा "नाळे बर्री" (कन्नडमधे, उद्या या) म्हणून परत पाठवत होते, पाचव्या वेळी मी आधीच्या फोटोची प्रिंट नेऊन दिली तर त्यांनी स्वतः चावी काढली. निपाणीच्या वखारीतले मामा १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसलेले, चहा घेता घेता त्यांनी कुठल्या दारानं माल यायचा, कुठं वजन व्हायचं, बायका कुठं बसायच्या ते सगळं दाखवलं, आणि मग मला कळलं की सकाळी दहाला कुठल्या जागेवर ऊन पडायचं. आत फळ्यांच्या माळ्यावर पाय ठेवू नका, वाळवीनं खाल्लेलं असतं, सिमेंटचे पत्रे फुटलेले असतील तर त्यावरनं चालू नका.

आणि वही ठेवा. मोबाईलमधे असली तरी चालेल पण लिहा, कारण त्याच भिंतीकडं परत जायचं असतं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: निपाणी, वखार, पूर्व भिंत, जानेवारीचा तिसरा आठवडा. ११:४० ला ऊन अजून समोरून, अक्षरं अर्धी. १२:०५ ला 'श्री' ची वेलांटी उठली, ऊन डाव्या हाताकडनं वरून, सावली उजवीकडं खाली. १२:१५ ला पेढीचं पूर्ण नाव वाचता आलं, सालातला शेवटचा आकडा ८ की ९ अजून नक्की नाही. १२:२५ ला तो पण कळला, ८. १२:४० ला भिंत सावलीत. मामांना प्रिंट द्यायची आहे. उत्तरेची बाजू एप्रिलमधे, सकाळी साडेसहाच्या आत पोचणे.